घाट तुझा, किनारा माझा

मास्तरांनी सहलीची आखणी जेवणाच्या टेबलावर मांडली आणि त्या दिवसापासून घरातल्या बाकी तिघींना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं. आखणी साधीसुधी नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गातला पांढरा फळाच मास्तरांनी घरी उचलून आणला होता, आणि सोबत चुंबकाच्या छोट्या गाड्यांचा डबा. एरवी त्या गाड्या चौकात आधी कोणी जायचं हे शिकणाऱ्यांना समजवायच्या कामी येत. आता त्यातली निळी गाडी म्हणजे आपण आणि उरलेल्या सगळ्या म्हणजे जग, असं मास्तरांनी जाहीर केलं. जगाशी आपली गाठ पडू द्यायची नाही, एवढंच काय ते करायचं होतं.

दिवस ऐन सुट्टीचे होते. शाळा बंद, कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या, आणि ज्याच्याकडे चार चाकं आहेत तो प्रत्येक जण समुद्राकडे निघालेला. मास्तरांचा सिद्धांत असा होता, की बावळट माणसं गर्दी टाळायला पहाटे निघतात, म्हणून पहाटे गर्दी होते. हे ओळखून शहाणी माणसं दुपारी निघतात, म्हणून दुपारी गर्दी होते. आपण या दोघांच्या मधल्या फटीत निघायचं. अशी फट असते हे जगात आपल्याखेरीज कोणाला सुचलेलं नाही याची मास्तरांना खात्री होती, आणि घरात त्यांना विरोध करण्याची हौस कोणाला उरलेली नव्हती.

खोली मिळवताना मात्र मास्तरांच्या नाकी नऊ आले. ते ज्या ज्या हॉटेलला फोन करत, तिथला माणूस तारीख ऐकून आधी हसून घ्यायचा आणि मग बोलायचा. शेवटी एका ठिकाणी 'समुद्र दिसणारी खोली' मिळाली. समुद्र कुठून दिसतो असं लेकीनं खोदून विचारल्यावर कळलं, की न्हाणीघरातल्या स्टुलावर उभं राहिलं तर तो दिसतो. मास्तर म्हणाले, दिसतो ना, मग झालं. सासूबाईंसाठी, म्हणजे मास्तरांच्या आईसाठी, वाटेत थांबायच्या जागाही त्यांनी पिवळ्या चुंबकांनी ठरवून टाकल्या. सासूबाईंनी फळ्याकडे चष्म्यातून पाहिलं आणि मला लागायची ती काय तुझ्या चुंबकाला विचारून लागणार आहे, एवढंच विचारलं. त्यावर मास्तरांनी एक पिवळं चुंबक वाढवलं.

या सगळ्यात मास्तरांच्या बायकोनं एकच गोष्ट मागितली होती. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत, पण तिनं जन्मात कोणाला काही शिकवलं नव्हतं. ती स्कूलच्या पुढच्या खोलीत बसून फोन घ्यायची, शिकणाऱ्यांना वेळा द्यायची, आणि पाण्याच्या टाकीमागच्या चढावरून रडवेले होऊन आलेल्यांना ग्लासभर पाणी द्यायची. लायसन्स तिच्याकडे होतं. लेक बालवाडीत होती तेव्हापासूनचं होतं, आणि लेक आता कॉलेजात होती.

मास्तरीणबाई एका रात्री जेवताना म्हणाली, "घाट संपल्यावर किनाऱ्यानं जातो ना, तो रस्ता मला चालवायचाय."

पहिल्याच दिवशी आलेल्या माणसानं हायवेवर नेता का विचारावं, तशा नजरेनं मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग नेहमीच्या समजुतीच्या सुरात त्यांनी तिला आठवण करून दिली, की बाकी सगळं ठीक आहे, पण ती चढावर गाडी बंद पाडते. पहिल्यापासून पाडते. किनाऱ्याच्या रस्त्याला चढ नाही, असं तिनं सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, वळणं आहेत, आणि एका बाजूला समुद्र आहे. समुद्र दुसऱ्या बाजूला हलवणं तिच्या हातात नव्हतं, म्हणून ती ताटं उचलायला लागली.

तिला तो रस्ता का हवा होता हे तिनं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मास्तर हसले असते. गावातली निम्मी माणसं मास्तरांच्या हाताखालून शिकून गेली होती. खरं तर पायाखालून. स्कूलच्या गाडीला शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच होता, आणि त्यांवर मास्तरांचे पाय सदैव ठेवलेले असत. आपला पाय इतका हलका आहे की ब्रेक आपण मारला की शिकणाऱ्यानं, हे शिकणाऱ्याला कधी कळतसुद्धा नाही, हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान होता. घरात दुसरी गाडी नव्हती. त्यामुळे बँकेत जायचं असो की बाजारात, मास्तरीणबाई चालवायला बसली की मास्तर शेजारी बसायचे. लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी तेवढे ते शेजारी नव्हते. त्या दिवशी परीक्षक शेजारी होते, आणि त्यांचेही पाय तिथेच होते.

इथेच घोडं पेंड खात होतं. इतक्या वर्षांत आपण गाडी चालवली का, आणि चालवली असेल तर किती, हे मास्तरीणबाईला माहीत नव्हतं. कधी ती एखाद्या वळणावर सुरेख थांबायची आणि लगेच तिच्या मनात यायचं, हे आपण की ते? कोणाला विचारणार? विचारलं तर मास्तर नुसते मिशीत हसत. तिला एकदाच एखादा सरळ मोकळा रस्ता हवा होता. तिथे ब्रेक लागला तर तो आपला, आणि गाडी ठोकली तर तीही आपणच, असं एकदाचं कळलं असतं. स्वतःला येतं की नाही हे माहीत नसणं तिला न येण्यापेक्षाही जिव्हारी लागायला लागलं होतं.

चार-पाच दिवसांनी मास्तरांनी उदार होऊन निकाल दिला. त्यांनी फळ्यावर घाटाची नागमोडी रेघ काढली, तिच्यावर जगाच्या झाडून सगळ्या गाड्या एकामागे एक चिकटवल्या, आणि मधोमध निळी गाडी ठेवली.

"घाट तुझा, किनारा माझा," ते म्हणाले. "सिझनमध्ये घाटात कोणी पळत नाही. पहिल्या गिअरचं काम. तुझ्यासाठी याहून सुरक्षित रस्ता नाही."

हा स्कूलचा नियमच होता. नवख्याला हळू चालवायला द्यायचं, कारण हळू म्हणजे सुरक्षित. बाजारच्या रस्त्याला तो नियम चोख लागू पडायचा. जिला चढावर गाडी सांभाळता येत नाही असं आपण उभा जन्म सांगत आलो, तिलाच आपण अख्खा घाट देतोय, आणि तोही दर दोन हातांवर थांबून पुन्हा गाडी उचलायचा घाट, हे मास्तरांच्या लक्षात आलं नाही. त्यांचाही दोष म्हणता येणार नाही. फळा सपाट होता, आणि त्यावर घाट कुठेही चढत नव्हता. माथ्यावर एक व्ह्यू पॉइंट होता, तिथे भलंथोरलं पार्किंग होतं. तिथे मास्तर स्टिअरिंग परत घेणार होते आणि समुद्र शेजारी घेऊन पुढे जाणार होते.

घाट म्हणजे अख्खा चढच, हे मास्तरीणबाईच्या तत्क्षणी लक्षात आलं. चढावर रडून परतलेल्यांना तिनं आपल्या हातानं पाणी दिलेलं होतं, आणि त्या घाटाच्या माथ्यावर पाणी द्यायला कोणी बसलेलं नव्हतं. पण नको म्हटलं असतं तर घाटही गेला असता आणि तिची सगळी सहल संत्री सोलण्यात गेली असती. ती बरं म्हणाली. लेकीनं तेवढं विचारलं, की निदान गाडीच्या टपावरचा 'शिकाऊ चालक' हा बोर्ड तरी काढणार का, आईकडे लायसन्स आहे. मास्तर म्हणाले, बोर्ड गाडीचा आहे, आईचा नाही, आणि तो पाहून लोक चार हात लांब राहतात. त्यात जाहिरातही होते.

निघायच्या दिवशी फट सापडली. त्या फटीत त्यांच्या आधी निदान अर्धा जिल्हा शिरलेला होता. मास्तर सपाटीवर गाडी चालवत एकेका गाडीकडे तुच्छतेनं पाहत होते. हे सगळे मूर्ख या वेळी का निघाले असतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. सुट्टी म्हणून त्यांनी नवेकोरे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले होते. पिवळी चुंबकं तर सगळी वाया गेली. सासूबाईंना एकाही चुंबकाच्या जागी लागली नाही, आणि जिथे लागली तिथे ती सगळ्या जगाला लागली असावी, इतकी मोठी रांग होती.

घाटाच्या पायथ्याशी मास्तर शब्दाला जागले. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, आरसे तिच्यासाठी नीट केले आणि शेजारच्या सीटवर येऊन बसले. पट्टा लावला. पाय जागच्या जागी ठेवले. घाबरू नकोस, मी आहे, असंही म्हणाले.

समोर गाड्यांची रांग वर ढगात गेल्यासारखी दिसत होती. रांग एक गाडीभर सरकायची आणि थांबायची. मास्तरीणबाईनं हँडब्रेक ओढला, क्लच हळूहळू वर घेतला, इंजिनाचा आवाज जड झाला, गाडी किंचित उचलल्यासारखी झाली, आणि बंद पडली. मागच्यानं हॉर्न दिला. बोर्ड पाहून चार हात लांब राहणाऱ्यांतला तो नसावा.

"बघ," मास्तर मऊ आवाजात म्हणाले. "चढ."

तिचे कान तापले. तिनं गाडी पुन्हा चालू केली, पुन्हा तेच, पुन्हा गाडी उचलली गेली आणि पुन्हा धाडकन बंद. मास्तरांनी हाफ क्लचवर छोटंसं व्याख्यान सुरू केलं. तो क्लच कसा सांभाळायचा हे तिला पाठ होतं. फोनवर घाबरलेल्या लोकांना तिनंच ते शंभर वेळा सांगितलं होतं. मग चुकतंय कुठे? तिसऱ्यांदा रांग सरकली तेव्हा ती खाली आपल्या पायांकडे पाहायला म्हणून वाकली, आणि तिची नजर भलतीकडेच गेली.

पलीकडच्या अंधाऱ्या जागेत मास्तरांचे नवे पांढरे बूट लख्ख दिसत होते. तिनं क्लच वर घेतला. इंजिन जड झालं. गाडी उचलणार, एवढ्यात उजवा पांढरा बूट अलगद खाली गेला. गाडी बंद पडली.

काळे बूट असते तर तिला या जन्मात दिसलं नसतं. गाडी मागे घसरेल या धास्तीनं मास्तर ब्रेक दाबत होते, आणि इकडे ती इंजिनाला पुढे चल म्हणत होती. दोन बाजूंनी ओढल्यावर बिचारं इंजिन दुसरं काय करणार. टाकीमागच्या चढावर हेच. बँकेच्या चढणीवर हेच. बालवाडीपासून कॉलेजापर्यंत हेच. मास्तरांना स्वतःलाही ते माहीत नव्हतं, हे त्यांच्या काळजीनं भरलेल्या चेहऱ्यावरून तिला कळलं, आणि त्यामुळे तर तिला आणखीच राग आला. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मागे आता चार-पाच हॉर्न एकदम वाजत होते. पुढे मोकळी जागा पडली होती.

"पाय वर घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. वर घ्या. सीटवर."

मास्तर म्हणाले, अगं असं कसं, गाडी मागे गेली तर. ती समोर बघत होती आणि तिचा आवाज चढला नव्हता. "गाडी मी बंद पाडत नाही. तुम्ही पाडता. आत्ता पाहिलं मी. मी क्लच सोडते आणि तुम्ही ब्रेक दाबता."

मास्तरांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. नेमक्या त्याच वेळी उजवा बूट ब्रेकवरच होता, त्यामुळे वादाला फारशी जागा उरली नाही.

"घे रे बाबा वर," मागून सासूबाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

गावातल्या निम्म्या माणसांना गाडी शिकवलेल्या मास्तरांनी बूट काढले, सीट जरा मागे सरकवली आणि पट्ट्याच्या आत मांडी घातली. हात कुठे ठेवायचे हे त्यांना सुचेना, म्हणून ते त्यांनी गुडघ्यांवर ठेवले. लेकीनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं; तिचे खांदे हलत होते. मास्तरीणबाईनं किल्ली फिरवली. तिला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगा. तिनं क्लच वर घेतला, इंजिन जड झालं, गाडी उचलल्यासारखी झाली, हँडब्रेक सुटला, आणि गाडी निमूटपणे पुढे गेली.

मग रांग थांबली. मग पुन्हा सरकली. पुन्हा तेच, पुन्हा गाडी पुढे. घाट संपेपर्यंत तिनं ते इतक्या वेळा केलं की शेवटी शेवटी ती सासूबाईंशी बोलत बोलत करायला लागली. टाकीमागचा चढ कित्येक वर्षांत तिच्या हाती लागला नव्हता; सिझनच्या गर्दीनं तो तिच्याकडून एका दुपारात घोटून घेतला. मास्तर सुरुवातीला प्रत्येक वेळी श्वास रोखत होते. पुढे पुढे त्यांना श्वास घ्यावाच लागला.

माथा दिसला तसा मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मांडी न मोडताच व्ह्यू पॉइंटची पाटी दाखवली आणि आता इथे घे, मी बसतो, असं सांगितलं. ठरलंच होतं. तिनं इमानदारीत सिग्नल दिला. पण पार्किंग गच्च भरलं होतं, बाहेर दोन्ही कडांना गाड्या लागल्या होत्या, आणि तोंडाशी शिट्टी घेतलेला एक घामाघूम माणूस सगळ्यांना पुढे हाकलत होता. मास्तरांनी काच खाली केली. आम्हाला थांबायचं नाही, नुसती जागांची अदलाबदल, दोन मिनिटांचं काम आहे, मी स्वतः ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे, असं त्यांनी त्याला समजावलं. त्या माणसानं टपावरचा बोर्ड पाहिला, स्टिअरिंगमागची बाई पाहिली, आणि अनवाणी मांडी घालून बसलेले इन्स्ट्रक्टर पाहिले.

"इथे सगळे दोनच मिनिटांसाठी आलेत," तो म्हणाला आणि शिट्टी वाजवून मागच्या गाडीकडे वळला.

मास्तरांनी आठवडेच्या आठवडे घालवून केलेल्या आखणीत या माणसाला चुंबक नव्हतं. थांबायला तसूभर जागा नाही म्हटल्यावर पुढे जाणं भाग होतं. वळण संपलं, अर्धी रांग व्ह्यू पॉइंटपाशीच घुटमळत राहिल्यानं रस्ता एकदम मोकळा झाला, आणि खाली समुद्र आला. स्टुलावर न चढता दिसणारा, डोळ्यांत न मावणारा. रस्ता त्याच्या कडेकडेनं खाली जात होता.

पहिल्या वळणाआधी मास्तरीणबाई सवयीनं वाट पाहत राहिली. वळणाआधी गाडी आपोआप जराशी हळू व्हायची, तशी ती होईल म्हणून. गाडी हळू झाली नाही. मग तिनं ब्रेक दाबला, तिला हवी तेवढीच गाडी हळू झाली, वळली, आणि तिनं पाय काढल्यावर सुटली. इतकंच झालं. मागच्या दोघींना कळलंही नाही. लेक समुद्राचे फोटो काढत होती आणि सासूबाई संत्र्याच्या बिया पिशवीत टाकत होत्या. मास्तरीणबाईचे डोळे मात्र भरून आले. तिला आनंद झाला होता, आणि त्याच्या पाठोपाठ इतकी वर्षं फुकट गेल्याची चीडही आली होती. दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं दोन्ही बाजूला ठेवलं आणि रस्त्याकडे पाहिलं, कारण रस्त्याकडे पाहायला आता दुसरं कोणी नव्हतं.

मास्तर जागा शोधत होते. इथे घे, तिथे घे, त्या झाडापाशी मावेल. प्रत्येक झाडापाशी कोणी ना कोणी आधीच गाडी लावून भेळ खाल्ल्यासारखा समुद्र खात बसलेलं होतं. ऐन सिझनमध्ये त्या किनाऱ्यावर एक गाडी उभी करायला जागा नव्हती, आणि याबद्दल त्या दिवशी कुरकुर न करणारी त्या रस्त्यावर बहुधा एकच बाई होती. पुढे पुढे मास्तरांनी सुचवणं सोडून दिलं. वळणापाशी त्यांचा गुडघा तेवढा उडायचा.

आणखी काही वळणं गेली. मग त्यांनी घसा खाकरला.

"पायांना मुंग्या आल्यात," ते हळूच म्हणाले. "खाली सोडू का?"

त्यांनी कोणाची परवानगी मागितल्याचं तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. घरात नाही आणि गाडीत तर नाहीच. पुढे एक मोठं वळण येत होतं, पलीकडे नुसतं पाणी दिसत होतं.

"येऊ द्या मुंग्या," ती म्हणाली, आणि वळणाच्या अलीकडे आपल्या पायानं ब्रेक दाबला.